बळ कुठे अडलं?
लहान आऊटबोर्ड इंजिनांवरच्या पुस्तकाची प्रस्तावना

नवीन जालन्यातल्या माझ्या वर्कशॉपात बोटीचं इंजिन पहिल्यांदा आलं ते टेम्पोतून, ताडपत्रीत गुंडाळून. मृगाचा पाऊस तोंडावर आला होता आणि पंख्याच्या पात्यांवर अजून आदल्या पावसाळ्याचा गाळ वाळलेला होता. ज्या गोदामात ते वर्षभर पडून होतं, तिथल्या माणसाने सांगितलेली तक्रार एवढीच होती : ‘चालू होतं, पण ओढत नाही.’

तोवर माझी सगळी उमेद विहिरीवरच्या ऑइल इंजिनांत, केरोसीनवरच्या पंपांत आणि फवारणीच्या यंत्रांत गेलेली. हात सवयीने कार्बोरेटरकडे गेला. तो खोलला, जेट धुतले, फुंकले. प्लग नवे टाकले, पेट्रोलची नळी बदलली. पाण्याच्या पिंपात इंजिन सुरेख चालायचं. मोती तलावावर नेऊन बोटीला लावलं की पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टोपण काढून मी मूठ पूर्ण पिळली आणि नजर आतल्या थ्रॉटलवर गेली. मूठ शेवटपर्यंत फिरत होती, झडप मात्र अर्धीच उघडत होती. केबल सैल झाली होती. काम दहा मिनिटांचं होतं. इंजिनात बळ होतंच. ते कुणी पुरतं मागतच नव्हतं.

त्या दोन दिवसांनी जे शिकवलं, तेच या पुस्तकाचं सूत्र आहे. इंजिनाचं बळ गेलं की आपण लगेच ‘काय बिघडलं?’ असं विचारतो आणि पाना उचलतो. त्याआधीचा प्रश्न आहे ‘बळ कुठे अडलं?’ तो नीट विचारला तर निम्मी इंजिनं खोलावीच लागत नाहीत.

जालना आणि बोट ही जोडी बाहेरच्या माणसाला विसंगत वाटेल. कुंडलिकेच्या दोन काठांवर वसलेलं हे शहर पाण्याच्या टंचाईसाठीच जास्त ओळखलं गेलं. पण जिल्ह्याचा नकाशा पुढे घेऊन दक्षिणेकडची रेघ पाहा. अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांची ती कड म्हणजे गोदावरी आहे. वर पैठणला जायकवाडीचं धरण आहे. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी त्याची पायाभरणी केली आणि 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. या धरणाचा जलाशय, नाथसागर, समुद्रसपाटीपासून 1522 फुटांवर पूर्ण भरतो, हा आकडा आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतो, कारण त्यावर रब्बीचं आवर्तन ठरतं. त्याच आकड्याची दुसरी बाजू धरणाखालच्या गावांना ठाऊक आहे. 2006 च्या ऑगस्टमध्ये धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि पैठण शहरात पाणी शिरलं, तेव्हा ती बाजू सगळ्या मराठवाड्याने पाहिली. वर्षातले अकरा महिने पाण्याची वाट पाहणाऱ्या गावांना एखाद्या रात्री पाण्यातून बाहेर काढावं लागतं. त्या रात्री लागते ती रबरी किंवा फायबरची बोट आणि तिच्या मागच्या फळीला अडकवलेलं पंचवीस-तीस अश्वशक्तीचं इंजिन.

कोकणात या इंजिनाला रोजचं काम असतं. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापणीच्या होड्यांना आणि पर्यटकांना नेणाऱ्या बोटींना ते लागतं, आणि तिथे त्याला सरळ ‘ओबीएम’, म्हणजे आऊटबोर्ड मोटर, म्हणतात. रोज चालणाऱ्या इंजिनाचं दुखणं रोज कळतं. खारं पाणी त्याला खात असतं, पण मालकाचा कानही त्याच्यावर असतो. आमच्याकडचं इंजिन गोड्या पाण्यातलं आणि झोपलेलं असतं. त्याचं दुखणं गोदामात वाढतं आणि पुरात कळतं. या पुस्तकात दोन्ही इंजिनांचा विचार आहे, पण ते लिहावंसं वाटलं ते या झोपलेल्या इंजिनासाठी.

हे यंत्र मुळात काय आहे ते नवख्या वाचकासाठी सांगतो. साध्या बोटीत इंजिन पोटात बसवलेलं असतं आणि दांडा तळातून बाहेर निघतो. आऊटबोर्डमध्ये सगळा संसार एकाच उभ्या खांबावर असतो : वर टोपणाखाली इंजिन, मधून खाली जाणारा उभा दांडा, तळाशी गिअर आणि पंखा. इंजिन थंड ठेवणारं पाणी नदीतूनच येतं. खालचा छोटा रबरी इंपेलर ते वर चढवतो आणि त्यातली एक बारीक धार बाजूने बाहेर पडत राहते. ती धार म्हणजे या यंत्राची नाडी. अख्खं इंजिन दोन मळसूत्रांनी फळीला आवळलं की झालं. काढून खांद्यावर घेऊन घरी नेता येतं.

ही काढता-घालता येण्याची कल्पना फार जुनी आहे. पॅरिसच्या गुस्ताव त्रुव्हे यांनी 1881 साली विजेवर चालणारी, बोटीला मागून अडकवता येणारी मोटर सेन नदीवर चालवून दाखवली. म्हणजे आज जी विजेवरची आऊटबोर्ड नवी म्हणून येते, तिथूनच सुरुवात झाली होती. पेट्रोलवरचं यंत्र बाजारात रुजवलं ते अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूड यांनी. मूळचा नॉर्वेचा हा कारागीर 1909 पासून दीड अश्वशक्तीची इंजिनं विकू लागला. पुढची पन्नास वर्षं या धंद्यावर अमेरिकेची पकड होती. मग जपानी आले : तोहात्सु 1956 मध्ये, यामाहा 1960 मध्ये, सुझुकी 1965 मध्ये. साधी, दणकट, दोरी ओढून चालू होणारी ही टू-स्ट्रोक इंजिनं आशिया आणि आफ्रिकेतल्या मच्छीमारांच्या होड्यांपर्यंत पोचली. आपल्याकडे 1980 च्या दशकात केरळच्या किनाऱ्यावर पारंपरिक होड्यांना केरोसीनवरची आऊटबोर्ड मोठ्या संख्येने लागली.

यानंतरचा मोठा बदल धुराने घडवला. टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलबरोबर तेल जाळतं आणि थोडं इंधन न जळताच बाहेर टाकतं. होंडाने 1964 पासूनच फोर-स्ट्रोकची वाट धरली होती. 1996 साली अमेरिकेने बोटींच्या इंजिनांच्या धुरावर नियम आणले आणि हळूहळू बाकीचेही त्याच वाटेने गेले. कार्बोरेटरच्या जागी इंधनाची फवारणी आली, फवारणीबरोबर सेन्सर आले आणि सेन्सरांबरोबर टोपणाखाली एक छोटा संगणक आला. आज एका तालुक्याच्या ठिकाणी या तिन्ही पिढ्या शेजारी शेजारी भेटतात. मिस्त्रीला तिघींची भाषा यावी लागते.

दुरुस्तीच्या विद्येतही अशीच घराणी पडली. पहिलं घराणं कानाचं आणि हाताचं. जुना मिस्त्री आवाजावरून सांगतो की एक सिलेंडर ‘मिसिंग मारतंय’. प्लग काढून त्याचा रंग बघतो. तपकिरी असेल तर ठीक, काळा आणि ओला असेल तर इंधन जास्त किंवा ठिणगी कमजोर, पांढरा पडला असेल तर इंजिन तापतंय. या घराण्याबद्दल मला अपार आदर आहे, मी त्यातलाच आहे. पण हे ज्ञान माणसाबरोबर जातं आणि नव्या इंजिनाच्या पोटातला संगणक कानाला ऐकू येत नाही.

दुसरं घराणं बदलीचं. प्लग बदला, कॉइल बदला, पंप बदला, कधीतरी दोष सापडेल. वेळ नसलेल्या वर्कशॉपात हेच चालतं आणि त्याचं बिल गिऱ्हाईक भरतो. तिसरं घराणं मोजमापाचं. कॉम्प्रेशन गेज, फेरे मोजणारा मीटर, साधा मल्टिमीटर घेऊन एकेक शक्यता खोडत जायचं. दोन सिलेंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक दिसला, तर कार्बोरेटर कितीही धुतला तरी उपयोग नाही, हे पाच मिनिटांत कळतं. चौथं घराणं स्कॅनरचं. ते इंजिनाच्या संगणकालाच विचारतं. त्याची मर्यादा अशी की संगणकाला जिथे सेन्सर आहे तेवढंच माहीत असतं. पंख्याला गुंडाळलेलं नायलॉनचं जाळं किंवा बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी त्याला दिसत नाही.

या पुस्तकाने तिसऱ्या घराण्याचा कणा घेतला आहे आणि पहिल्याचे कान. आमची सगळी मांडणी तीन प्रश्नांवर उभी आहे. बळ तयार होतंय का? तयार झालेलं बळ पाण्यापर्यंत पोचतंय का? की इंजिन स्वतःच ते रोखून धरतंय?

या तिघांना वेगळं करणारी खूण एकच आणि ती स्वस्त आहे : पूर्ण थ्रॉटलवरचे फेरे. प्रत्येक इंजिनासाठी कंपनीने एक पल्ला दिलेला असतो. अनेक लहान इंजिनांसाठी तो मिनिटाला 5000 ते 6000 च्या आसपास असतो. नेहमीच्या ओझ्यानिशी बोट पाण्यात सोडायची, मूठ पूर्ण पिळायची आणि आकडा बघायचा. फेरे चढतात पण बोट पुढे जात नाही, तर बळ तयार होतंय आणि वाटेत सुटतंय. पंख्याच्या आतली रबरी बुशी घसरत असेल, पातं वाकलं असेल, किंवा इंजिन फळीवर इतकं वर बसलं असेल की पंखा पाण्याऐवजी हवा घुसळतोय. फेरे चढतच नाहीत, तर एकतर बळ तयार होत नाही किंवा ओझं जास्त आहे. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं अंतर, एका इंचाने वाढवला तर फेरे साधारण दीडशे-दोनशेने उतरतात. कुणी ‘जोर वाढेल’ म्हणून मोठा पंखा लावला असेल तर निरोगी इंजिनही आजारी वाटतं. आणि फेरे ठरावीक ठिकाणी येऊन अचानक खाली बसतात आणि तिथेच अडकतात, तर धारेकडे बघा. पाणी वर येत नसेल, इंजिन तापलं असेल, तेलाचा दाब कमी झाला असेल, तर बरीच नवी इंजिनं स्वतःला वाचवण्यासाठी फेरे कमी करतात. त्याला बिघाड समजून सेन्सरची वायर काढणं म्हणजे इंजिन जाळणं आहे.

आता कळेल की माझं ते पहिलं इंजिन पिंपात का छान चालत होतं. पिंपातल्या फेसाळत्या पाण्यात पंख्यावर खरा भार येतच नाही. बळ मोजायचं तर ओझं हवं. विहिरीवरचं इंजिनही मोकळं फिरताना खोटं बोलतं. पाणी चढायला लागलं की त्याचा दम कळतो. इथेही तसंच आहे.

पहिल्या प्रश्नाच्या पोटात सगळ्यात मोठा संसार आहे, तो इंधनाचा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला तर इंजिन पाच-दहा मिनिटं झकास चालतं आणि मग गळपटतं, कारण टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल खेचलंच जात नाही. बळ उतरत असताना नळीवरचा रबरी फुगा हाताने दाबून बघा. फेरे परत चढले, तर दोष टाकी, नळी किंवा इंधनपंप यांपैकी कुठेतरी आहे. कार्बोरेटरला हात लावायची घाई नको. टोपण काढल्यावर इंजिन सुधारलं, तर आत धूर कोंडतोय किंवा हवा कमी पडतेय. या चाचण्यांना एक पैसा लागत नाही, आणि म्हणूनच त्या या पुस्तकात सगळ्यात आधी आहेत.

हे सगळं आजच लिहिण्याची निकड का वाटली, त्याची तीन कारणं आहेत. पहिलं पेट्रोल. देशभर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. उसाच्या शेतकऱ्याला त्याचा आधार आहे आणि तो या भागात मोलाचा आहे. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने लिटरमागे साधारण एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते, ते हवेतलं पाणी शोषतं आणि जुन्या रबरी नळ्या व डायफ्रॅम मऊ करतं. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिन नेमकं तळातूनच पितं. रोज चालणाऱ्या मोटरसायकलला हे जाणवत नाही. अकरा महिने टाकीत पेट्रोल ठेवून निजवलेल्या इंजिनाला ते नक्की जाणवतं. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये तर पेट्रोल उडून जातं आणि तेलाचा चिकट थर जेटमध्ये उरतो. पन्नासास एक या प्रमाणात, म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर तेल घालून ठेवलेलं मिश्रण पुढच्या वर्षी तेच मिश्रण राहत नाही.

दुसरं कारण पाऊस. तो अवेळी आणि एकदम कोसळतो, धरणांचे विसर्ग रात्रीत वाढतात, आणि बचावाच्या बोटी आता फक्त मोठ्या नद्यांच्या काठी ठेवून भागत नाही. यंत्रं आली, पण ती सांभाळणारे हात त्या वेगाने तयार झाले नाहीत. कोकणातला माणूस इथे येऊन शिकवेल असंही नाही. आणि तिथला हिशेब इथे जसाच्या तसा लागूही पडत नाही. उंचीबरोबर हवा विरळ होते तसं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के बळ गमावतं. म्हणजे नाथसागरावर उभं असलेलं निरोगी इंजिन मालवणपेक्षा चार-साडेचार टक्के कमीच ओढणार. पंखा निवडताना आणि तक्रार तपासताना हे आधी वजा करायला हवं.

तिसरं कारण भाषा. इंजिनाबरोबर येणारी पुस्तिका ज्या भाषेत असते, ती वर्कशॉपातल्या पोराची नसते. मराठीत यंत्रांवर लिहायची परंपरा नाही असं नाही; 1920 साली सुरू झालेलं ‘किर्लोस्कर खबर’ कारखान्याच्या माहितीपत्रातूनच वाढत मोठं मासिक झालं. शेतकऱ्याने नांगर आणि पंप मराठीतून समजून घेतला. बोटीच्या इंजिनाच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही. म्हणून आम्ही पुस्तकभर मिस्त्रीच्या तोंडचे शब्द ठेवले आहेत. इंजिन ‘लोड घेत नाही’, ‘पिकअप धरत नाही’, ‘बसतं’, ‘मिसिंग मारतं’, ही चार वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे चार वेगळे अर्थ आहेत. ते अर्थ पक्के करणं हे आमच्या मते दुरुस्तीचं निम्मं काम आहे.

पुस्तकाची रचना प्रश्नांच्या क्रमाने आहे, सुट्या भागांच्या क्रमाने नाही. प्रत्येक ठिकाणी आधी खूण, मग फुकटातली चाचणी, मग थोड्या खर्चाची, आणि खोलणं सगळ्यात शेवटी. केबल, हवेचा स्क्रू, गवत अडकलेली पाण्याची जाळी, वाकलेलं पातं, बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी, हे आधी बघा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलोचा न दिसणारा प्रवासी. क्रँक उतरवणं, सिलेंडर बोअर करणं, संगणकाची दुरुस्ती या गोष्टी आम्ही जाणूनबुजून बाहेर ठेवल्या आहेत. त्यासाठी अनुभवी गुरू आणि मोठं वर्कशॉप हवं. मोठ्या समुद्री इंजिनांचा विषयही इथे नाही.

सुरक्षिततेची सूचना मात्र जागोजागी पुन्हा येईल, आणि तिचा कंटाळा कुणी करू नये. पंखा फिरत असताना बोटीजवळ माणूस पाण्यात नको. पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचते, तिथे ठिणगी नको. पाण्याशिवाय इंजिन चालवून बघायचा मोह नको. कोरडा इंपेलर पाहता पाहता जळतो. चाचणीलाही लाइफ जॅकेट घालूनच जायचं आणि इंजिन कितीही भरवशाचं असलं तरी बोटीत वल्ही असलीच पाहिजेत.

या पानांमागे अनेकांचे हात आहेत. नाथसागरावर पहाटे जाळी ओढणाऱ्या भोई बांधवांनी मला पाण्याचा ओघ आणि गवताचे पट्टे शिकवले; मालवणच्या मिस्त्रींनी खाऱ्या पाण्याची खोड सांगितली; माझ्या वर्कशॉपातल्या पोरांनी प्रत्येक चाचणी माझ्यासमोर करून बघितली आणि जिथे माझं वाक्य कळलं नाही तिथे ते बदलायला लावलं.

शेवटची काही पानं कोरी ठेवली आहेत. त्यांवर तुमच्या इंजिनाचा हिशेब लिहा. ते निरोगी असताना, किती माणसं बसलेली असताना, पूर्ण थ्रॉटलवर किती फेरे झाले, प्रत्येक सिलेंडरचं कॉम्प्रेशन किती भरलं, धार किती जोराची होती, पेट्रोल कधी भरलं आणि कधी रिकामं केलं. महिन्यातून एकदा इंजिन पिंपात चालवा आणि पावसाळ्याआधी एकदा खऱ्या पाण्यात, खऱ्या ओझ्यानिशी पळवा. बळ कमी झालं हे ओळखायचं तर आधी ते किती होतं हे लिहिलेलं हवं. आमच्या वर्कशॉपात टेम्पोतून आलेल्या त्या पहिल्या इंजिनाबरोबर असं एकही पान आलं नव्हतं. आता ते दर वर्षी मृगाच्या आधी येतं, तेव्हा त्याची वही बरोबर असते. आणि आम्ही टोपण काढण्याआधी ती वही उघडतो.

नवीन जालना